सहा किलोंची पेटी

घड हातात घेतला की आधी उन्हाकडे धरायचा. मण्यांच्या मधून उजेड दिसला तर तो पेटीत ठेवायचा, नाही दिसला तर मोठ्या क्रेटमध्ये टाकायचा. पहिल्या दिवशी सकाळी नॉन्नोंनी मला एवढंच शिकवलं आणि हातात कात्री दिली. ‘ठेवायचा’ आणि ‘टाकायचा’ यातला फरक त्यांनी बोलून नाही, हातांनी करून दाखवला. नॉन्नो म्हणजे आजोबा. वय ८२. मुलगी त्यांना पापा म्हणते, बाकी बागेत, तळघरात, गावात झाडून सगळे नॉन्नोच म्हणतात. मीही तेच म्हणायला लागले.

मी तासगाव तालुक्यातली. आमची साडेतीन एकर बाग आणि सगळा माल बेदाण्याला. त्यामुळे द्राक्षं सुकवणं ही गोष्ट मला परकी नव्हती. परकी होती ती त्यांची रीत. सुकवलेल्या द्राक्षांची आमारोने नावाची वाइन होते हे मला इटलीतल्या वेरोनाला शिकायला जाईपर्यंत माहीतच नव्हतं. तिथल्या विद्यापीठाचा द्राक्षशेती आणि वाइनचा विभाग शहरात नाही, वाल्पोलिचेल्लातल्या सान फ्लोरिआनो या गावात एका जुन्या हवेलीत आहे. खिडकीतून बागाच दिसतात. शिकताना एक हंगाम कुठल्या तरी वायनरीत काम करायचं होतं. मी मुद्दाम मारानोच्या दरीतलं एक लहान, घरचं तळघर निवडलं. तीन पिढ्या एका छपराखाली, आणि बागेतल्या कामापासून बाटलीवर कागद चिकटवण्यापर्यंत सगळं घरच्या माणसांच्या हातचं.

वाल्पोलिचेल्ला म्हणजे वेरोना शहराच्या वायव्येचा टापू. खाली आदिजे नदी, मागे लेस्सिनी डोंगर, पश्चिमेला गार्दा सरोवर. डोंगरातून बोटांसारख्या दऱ्या खाली उतरतात आणि त्या दऱ्यांतच मूळ पाच गावांचा भाग आहे: नेग्रार, मारानो, फुमाने, सांत’आंब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारिआनो. या पाचांतल्या मालालाच बाटलीवर ‘क्लासिको’, म्हणजे मूळ टापूतला, असं लिहायला परवानगी. पुढे शिवार पूर्वेकडे बरंच वाढलं, पण नॉन्नोंच्या लेखी वाल्पोलिचेल्ला एवढाच.

बागेत पाऊल टाकलं आणि मी थबकले. मांडव! डोक्यावर वेल, खाली सावली, आणि पानांच्या छताखाली लोंबणारे घड. युरोपातल्या बागा म्हणजे कमरेएवढ्या उंचीच्या सरळ रांगा असं पुस्तकातून डोक्यात बसलेलं. इथे तर आमच्यासारखा मांडव होता, फक्त उतारावर असल्यामुळे एका बाजूने चढलेला. त्याला ते पेर्गोला म्हणतात. कारण विचारलं तर सिन्योरा, म्हणजे नॉन्नोंची मुलगी, तळघर तीच सांभाळते, म्हणाली की कोर्व्हिना जातीच्या काडीवर बुडाच्या पहिल्या काही डोळ्यांतून घडच येत नाहीत. काडी लांब ठेवावी लागते, आणि लांब काडीला मांडव सोयीचा. हे ऐकून मला घरची ऑक्टोबर छाटणी आठवली. आमच्या थॉम्सन द्राक्षाचंही तेच दुखणं आहे, म्हणून आप्पा, माझे वडील, काडी तपासल्याशिवाय कात्री लावत नाहीत. हजारो मैलांवर दोन शेतकऱ्यांनी एकाच अडचणीला एकच तोड काढलेली पाहून मला फार बरं वाटलं.

बागेच्या ताली चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या. त्यांना मारोन्ये म्हणतात. नुसते दगडावर दगड, पण काही भिंती नॉन्नोंच्या आजोबांच्या वेळच्या. पावसाचं पाणी फटींतून निथळून जातं, माती तिथेच राहते. अशा कोरड्या भिंती रचण्याच्या कलेला युनेस्कोने २०१८ साली वारसा म्हणून मान्यता दिली, त्या यादीत इटलीही आहे. नॉन्नोंना त्याचं कौतुक आहे, पण ढासळलेला कोपरा पुन्हा रचणारी माणसं गावात दोनच उरली आहेत याची काळजी जास्त आहे.

तोडणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली. आम्ही नऊ जण. त्यात जालंधरकडचे एक सरदारजी होते. आधी ते पो नदीच्या खोऱ्यात गाईंच्या गोठ्यावर होते, तिकडे पंजाबी माणसं खूप आहेत. ते माझ्याशी हिंदीत बोलायचे आणि नॉन्नोंशी चक्क वेरोनाच्या गावठी बोलीत. दुपारी एकाच लांब टेबलावर सगळ्यांचं जेवण, मालक आणि गडी असा पंक्तिभेद नाही.

साध्या वाल्पोलिचेल्ला वाइनचा माल नंतर तोडतात. पहिला हात फिरतो तो सुकवायच्या घडांसाठी, आणि तो हातानेच फिरवावा लागतो. घड निरोगी हवा, विरळ हवा, एकही मणी फुटलेला नको. तीन-चार जाती मिसळतात: कोर्व्हिना मुख्य, तिच्या जोडीला कोर्व्हिनोने, आणि थोडी रोन्दिनेल्ला. कोर्व्हिनोनेला लोक वर्षानुवर्षं कोर्व्हिनाचाच मोठ्या मण्याचा प्रकार समजत होते. ती वेगळी जात आहे हे १९९३ मध्ये ठरलं. कोर्व्हिनाची साल जाड असते. तीन-चार महिने तग धरते ती त्या सालीमुळे.

पेटी म्हणजे प्लॅस्टिकची उथळ, जाळीदार ट्रे. तिच्यात घडांचा एकच थर. मी पहिली पेटी भरली ती आमच्या सवयीने, गच्च. नॉन्नो आले, काही बोलले नाहीत, तीन घड उचलून बाजूला ठेवले आणि उरलेले बोटांनी असे सरकवले की कुठलाच घड दुसऱ्याला टेकेना. मग माझं बोट धरून दोन घडांच्या मधल्या फटीतून फिरवलं. वाऱ्याला एवढी वाट लागते, असा त्याचा अर्थ. ती पेटी मी तोलली. पेटीचं वजन वजा जाता बरोबर ६ किलो. तिच्या कडेला मी लाल दोरा बांधला आणि सिन्योराला विचारलं, ही माझी म्हणून दर आठवड्याला तोलू का? ती हसून हो म्हणाली.

सगळ्या पेट्या चढल्या फ्रुत्तायोत. फ्रुत्तायो म्हणजे सुकवणीचं घर. यांचं फ्रुत्तायो टेकाडावर, जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, चारी बाजूंना लांब खिडक्या. एका कोपऱ्यात अजून जुन्या आरेले ठेवल्या आहेत. बोरू आणि बांबूच्या पट्ट्यांच्या लांब फळ्या, एकीवर एक रचलेल्या, जशा आमच्या शेडमध्ये जाळ्यांच्या रॅक असतात तशा. याच आरेलेंवर एके काळी घरातल्या बायका रेशमाचे किडे पाळायच्या. उन्हाळ्यात किडे, हिवाळ्यात द्राक्षं, लाकूड तेच. आता या कुटुंबात आरेलेवर फक्त रेचोतो या गोड वाइनचे घड ठेवतात, बाकी सगळं पेट्यांमध्ये.

पहिल्या रविवारी आप्पांना फोन केला. फ्रुत्तायोतून व्हिडिओ दाखवला. आप्पांनी आधी रॅकची उंची विचारली, मग विचारलं, “डिपिंग कशाचं करत्यात?”

काहीच करत नाहीत म्हटल्यावर ते गप्प झाले. आमच्याकडे माल तोडला की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवल्याशिवाय तो रॅकवर जात नाही. मण्यावर निसर्गाने मेणाचा जो थर दिलेला असतो, तो त्या पाण्याने मोडतो, आतलं पाणी झटकन बाहेर पडतं, आणि फेब्रुवारी-मार्चच्या रखरखीत वाऱ्यात पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार. ते दिवस आप्पा आभाळाकडे बघत काढतात. एका मार्चमध्ये अवकाळी पावसाने आमचा अर्धा माल रॅकवरच काळा पडला होता. तेव्हा मी आठवीत होते, आणि आईने त्या महिन्यात कुणाला काही मागू दिलं नव्हतं. माल लवकर सुकणं म्हणजे सुटका, हे मी तेव्हापासून शिकले.

इथे त्या मेणाच्या थराला कोणी बोट लावत नाही. घड देठालाच धरायचा, मण्यावरची पांढरट झाक पुसली जाता कामा नये, हे तोडणीच्या वेळीच बजावलेलं. तो थर पाणी अडवतो म्हणूनच तो हवा. पाणी जाऊ द्यायचं, पण सावकाश. शंभर-एकशेवीस दिवस.

“एवढे दिवस कशाला?” आप्पांनी विचारलं. मी कॉलेजात शिकलेलं सांगितलं: मणी तोडला म्हणून लगेच मरत नाही, तो पेटीत श्वास घेत असतो, त्याच्यातलं आंबट कमी होत जातं, साखर घट्ट होते, सालीतली द्रव्यं बदलतात. झपाट्याने सुकवलं तर फक्त पाणी जातं, बाकीचं घडतच नाही. वेरोनाच्या विद्यापीठात यावर बरंच संशोधन झालेलं आहे. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आणि ओल किती धरत्यात?”

आप्पांचा खरा प्रश्न तो होता. बेदाण्यात आम्ही पंधरा टक्क्यांच्या आसपास ओल ठेवतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. इथे द्राक्षाचं वजन तिसऱ्या हिश्श्याने, फार तर चाळीस टक्क्यांनी घटवतात. मणी सुरकुततो, मऊ पडतो, पण आत रस राहतो. माझ्या पेटीचं वजन दर रविवारी कळवायचं असं आमचं ठरलं.

पहिल्या आठवड्याला ५ किलो ७२० ग्रॅम. दुसऱ्याला ५ किलो ५१०.

संध्याकाळी काम संपलं की नॉन्नो फ्रुत्तायोच्या पायरीवर बसत आणि मी जमेल तशा इटालियनमध्ये प्रश्न विचारत असे. त्यांच्या तोंडची बोली कळली नाही की सिन्योरा समजावून सांगे. ‘रेचोतो’ हे नाव कुठून आलं ते मला तिथेच कळलं. त्यांच्या बोलीत ‘रेचा’ म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे जी छोटी पाखं फुटतात, तीच घडाची कानं. त्यांना ऊन जास्त मिळतं, म्हणून ती जास्त गोड. पूर्वी फक्त ती कानंच तोडून सुकवायचे आणि त्याची गोड वाइन करायचे, ती रेचोतो. लग्नाला, बाळंतिणीला, सणाला.

ही रीत किती जुनी, तर सहाव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजांच्या दरबारी असलेला मंत्री कास्सिओदोरो याने एका पत्रात वेरोनाकडच्या या वाइनची मागणी केली आहे. घरच्या मांडवावरची द्राक्षं निवडून उलटी टांगतात, ती डिसेंबरपर्यंत तशीच राहतात, सुकून गोड होतात, आणि बाकीच्या तळघरांत वाइन जुनी झालेली असते तेव्हा ही नवी जन्माला येते, असं त्यात आहे. ते पत्र वाचताना माझ्या अंगावर काटा आला. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीचा कारभारी मांडवाबद्दल लिहितो आणि मी त्याच टापूतल्या मांडवाखालून नुकतीच चिकट हातांनी बाहेर आलेली.

आमारोने ही मात्र त्या मानाने कालची. रेचोतोचं आंबवणं मध्येच थांबलं की साखर शिल्लक राहते आणि वाइन गोड होते. ते थांबलं नाही, सगळ्या साखरेचं अल्कोहोल झालं, तर उरते कडसर, भारी वाइन. पूर्वी हा बिघाड समजत. नेग्रारच्या सहकारी तळघरात १९३६ साली विसरून राहिलेलं एक रेचोतोचं पिंप उघडलं, आणि तिथले प्रमुख आदेलिनो लुक्केझे चव घेऊन म्हणाले की हा नुसता ‘आमारो’ नाही, हा तर ‘आमारोने’. आमारो म्हणजे कडू, आमारोने म्हणजे भलता कडू. गावात ही गोष्ट अशी सांगतात. वाल्पोलिचेल्लाच्या वाइनला सरकारी मानांकन मिळालं १९६८ मध्ये, आणि आमारोनेला सर्वांत वरचा दर्जा २०१० मध्ये. नॉन्नोंच्या लहानपणी बिघाड असलेली वस्तू त्यांच्या उतारवयात घराचा मुख्य आधार झाली.

नोव्हेंबरात धुकं उतरलं. दरीच्या तळाशी दाट पांढरं, दुपारपर्यंत हटायचं नाही. इथल्या शेतकऱ्याचा हा अवकाळी. रोज पहाटे नॉन्नो फ्रुत्तायोत शिरत, दिवा न लावता रांगांमधून चालत आणि वास घेत. मग ठरायचं खिडक्या उघडायच्या की नाही.

एका सकाळी ते मधल्या रांगेत थांबले आणि मला हाक मारली. मला काही दिसत नव्हतं. त्यांनी चळतीतल्या वरून चौथ्या पेटीकडे बोट दाखवलं. ती काढली, एक घड उलटा केला, तर आत करडी बुरशी, कापसासारखी, एका मण्यापासून सुरू होऊन शेजारच्या सहा-सात मण्यांवर पसरलेली. मधल्या मण्यावर बारीक छेद. कात्रीच्या टोकाचा. पेटीवर माझ्या हातच्या खडूची खूण होती.

माझं तोंड कोरडं पडलं. आमच्याकडे बेदाण्यात एक फुटका मणी म्हणजे काहीच नाही, निवडणीत निघून जातो. इथे एका छेदाने पेटी गेली आणि तिच्या वरखालच्या पेट्यांवरही संशय आला. नॉन्नो रागावले नाहीत. स्टूल घेऊन बसले, मला शेजारी बसवलं, आणि आम्ही दोघांनी त्या चळतीतल्या आणि आजूबाजूच्या मिळून चाळीस पेट्या घड न् घड तपासल्या. दुपार झाली. त्यात आणखी दोन घड निघाले. प्रत्येक वेळी ते घड माझ्या नाकाशी धरत, आधी निरोगी, मग बाधलेला. निरोगी घडाचा वास गोड आणि थंड, आमच्या शेडसारखा पण गंधकाची धुरी नसलेला. बाधलेल्याचा ओल्या पुठ्ठ्यासारखा. संध्याकाळपर्यंत डोळे मिटून मला फरक कळायला लागला. या हंगामात मी जे काही शिकले, त्यात तो वास मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच आठवड्यात बापलेकीत वाद झाला, आणि तो मी ऐकला. सिन्योराने दोन वर्षांपूर्वी मोठे पंखे आणि हवेतली ओल ओढणारं यंत्र बसवलं होतं. धुकं चार दिवस हटलं नाही तेव्हा तिने ते सुरू केलं. नॉन्नोंचं म्हणणं, खिडक्या कशाला आहेत मग? तिचं म्हणणं, पापा, तुमच्या वेळी नोव्हेंबर कोरडा आणि गार असायचा, आता तो उबदार आणि दमट आहे, खिडक्या तेच आत आणतात. आवाज चढले. शेवटी नॉन्नो बाहेर निघून गेले.

मी यात सिन्योराच्या बाजूची आहे. तिने यंत्राला द्राक्षं लवकर सुकवायला लावलेलं नाही. दिवस तेवढेच, वजनाची घट तेवढीच, फक्त बुरशीला संधी नाही. काही ठिकाणी पंख्यांच्या जोरावर घाईने घट साधतात असं तीच सांगत होती, आणि त्याचा तिला मनापासून राग आहे. बाजारात आमारोनेचं नाव झाल्यावर सपाट शिवारातही जो तो द्राक्षं सुकवायला लागला. शेवटी एकूण मालातला किती हिस्सा सुकवायचा, यावर बंधन घालावं लागलं. आता सुकवणीच्या या रीतीला युनेस्कोच्या यादीत जागा मिळावी म्हणून तिथल्या उत्पादकांचे प्रयत्न चालू आहेत. ते त्याला ‘द्राक्षं विसाव्याला ठेवणं’ म्हणतात. विसावा हा शब्द मला फार आवडला. सिन्योरा रात्री दोनदा उठून मोजमाप बघते, म्हणून तो विसावा टिकून आहे.

आठव्या आठवड्याला माझी पेटी ४ किलो ६९०. आप्पा म्हणाले, “आता हळू व्हईल.” झालंच तसं. त्यानंतर आठवड्याला जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम.

१ डिसेंबरच्या आधी या द्राक्षांचा रस काढायचा नाही, असा नियमच आहे. पण हे कुटुंब जानेवारीपर्यंत थांबतं. डिसेंबरात काम कमी. १३ तारखेला सांता लुचियाचा सण, वेरोनातल्या मुलांना भेटवस्तू नाताळात नाही तर त्याच्या आदल्या रात्री मिळतात. चौकात मिठाईची दुकानं, गारठा. घरी उकडलेल्या मांसाबरोबर पेआरा, म्हणजे पावाचा चुरा, हाडांतली मज्जा आणि भरपूर मिरी घालून तासन् तास शिजवलेली दाट चटणी. मी शाकाहारी, म्हणून माझ्या ताटात पोलेंता आणि मोंते वेरोनेझे चीज. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलंच. खाताना भाकरीची आठवण यायची.

आमच्या घरात माळ आहे. आजोबा वारीला जायचे. मी वाइन शिकते हे आईने शेजारी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ‘द्राक्षं सुकवायचं शिकते’ एवढंच सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. वर्गात चव घेऊन थुंकायची रीत आहे, तीच मी पाळत होते. नॉन्नोंना हे कळलं तेव्हा त्यांनी आजोबांच्या माळेबद्दल बारकाईने विचारलं. कशाची असते, कधी घालतात, काढतात का. त्यानंतर त्यांनी मला पेला दिला तो फक्त वास घ्यायला, आणि टेबलावर कुणी आग्रह केला तर तेच थांबवायचे. सुकी चेरी, कडू चॉकलेट, तंबाखूचं पान, आणि या सगळ्याच्या खाली बेदाण्याची शेड. तो वास मला चव घेतल्याइतका भरून यायचा.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पेट्या खाली उतरल्या. यंत्रात देठं वेगळी होतात, मणी हलकेच चिरडले जातात आणि सालीसकट टाक्यांत जातात. तळघर इतकं गार की आंबायला सुरुवात व्हायलाच काही दिवस लागले. साध्या वाइनला आठ-दहा दिवसांत जे होतं ते इथे महिना-दीड महिना चालतं. साखर जास्त, थंडी जास्त, यीस्ट बिचारं रेटत असतं. सिन्योरा रोज टाकीला कान लावायची. मीही लावला. आत बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज.

आमारोने काढून घेतली की उरलेल्या सालीवर त्याच वर्षीची साधी वाल्पोलिचेल्ला ओततात. सालीत अजून साखर असते, यीस्ट असतं, वाइन पुन्हा थोडी आंबते आणि अंगाने भरते. ती रिपास्सो, म्हणजे पुन्हा फिरवलेली. त्यानंतर ती साल जाते ग्राप्पा ही कडक दारू गाळायला. आमच्याकडे बेदाणा निवडल्यावरचा काडीकचरा गोठ्यात जातो. काही वाया न घालवणाऱ्या घरांची मला सवय आहे.

आमारोने मात्र पुढे जाते मोठ्या ओकच्या पिंपांत. कायद्याने किमान दोन वर्षं, हे कुटुंब चार वर्षं ठेवतं. मी भरलेल्या पेट्यांची वाइन बाटलीत जाईल तेव्हा मी तिथे नसेन, हे कळत होतं.

माझी पेटी सगळ्यात शेवटी उतरवली. वजन ३ किलो ८६०. साधारण छत्तीस टक्के घट. उभ्या उभ्याच आप्पांना फोन लावला. तिकडे तेव्हा तोडणीची तयारी चालू होती, मागे ट्रॅक्टरचा आवाज. त्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, “देठासकट का देठ काढून?”

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. सोळा आठवडे मी देठासकट तोलत होते, आणि देठही सुकतच असतो. नॉन्नोंनी विचारलं, काय म्हणतात वडील? सांगितलं. ते हसले नाहीत, मान डोलवली, आणि पेटी यंत्राकडे नेणाऱ्या नातवाला थांबवलं. दोन स्टुलं आणली, मधे घमेलं ठेवलं. पूर्वी सगळा माल असाच हाताने सोलायचो, असं म्हणत त्यांनी पहिला घड उचलला. मणी मऊ, सुरकुतलेले, बोटांना चिकटणारे. देठापासून सोडवताना हलका आवाज यायचा. तासभर आम्ही दोघं न बोलता मणी काढत होतो. एका घडाच्या कानातले चार मणी त्यांनी वेगळे काढून माझ्या तळहातावर ठेवले, खायला. साखरेने जड, आणि मागून साल किंचित कडू.

नियमाप्रमाणे १०० किलो ताज्या द्राक्षांतून ४० लिटरपेक्षा जास्त आमारोने काढता येत नाही. म्हणजे माझ्या सहा किलोंच्या पेटीतून फार तर २ लिटर ४०० मिलीलिटर, जेमतेम तीन बाटल्या. आप्पांच्या हिशेबाने तेवढ्याच द्राक्षांचा दीड किलो बेदाणा झाला असता.

घमेल्यातले मणी टाकीत गेले. देठांची जुडी मी तोलली, ११० ग्रॅम भरली, आणि आप्पांना कळवलं. त्यांनी “थांब, वही घेतो” म्हणून फोन खाली ठेवला, आणि मला ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येत राहिला.